ओसरीवरचं उत्तर

"हा परिच्छेद नको," कर्नल प्रूइट म्हणाले, आणि त्यांनी कागदावर निळ्या पेन्सिलीनं वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढली.

टेबलापलीकडे एक गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, उंच, काळे; अंगात इस्त्री केलेला कोट, हातात हॅट. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बस म्हणून त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. मीही दाराशी उभाच होतो. कर्नलनी मंजूर केलेली भाषणं छापखान्यात नेणं हे त्या हंगामात माझं काम होतं.

"बाकी भाषण झकास आहे, इझिकिएल. जकातीवरचा भाग तर फारच चांगला. कुणी लिहून दिला?"

"मीच लिहिला, कर्नलसाहेब."

"न्हाव्याच्या दुकानात बसून?"

"जकातीवर जितकं दाढीला बसलेली माणसं बोलतात तितकं दुसरं कुणी बोलत नाही."

कर्नल मोकळेपणानं हसले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. सकाळपासून त्यांनी अशी कितीतरी भाषणं तपासली होती आणि त्यांच्या बोटांना निळा रंग लागला होता.

एकोणिसावं शतक संपायला चार वर्षं उरली होती. अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती आणि ओहायोतलं हॅलोवेल हे लहानसं गाव त्या वर्षी सगळ्या देशाला ठाऊक झालं होतं, कारण एका पक्षाचे उमेदवार गव्हर्नर लॅथम तिथे राहत होते. विरुद्ध बाजूचा उमेदवार आगगाडीतून देशभर हिंडून घसा बसेपर्यंत बोलत होता. लॅथम घर सोडून हलले नाहीत. लोकच त्यांच्याकडे येत. रोज खास गाड्या सुटत. काचकामगार, सायकलस्वार, यादवी युद्धातले म्हातारे शिपाई, लोकरीचे व्यापारी आपापला बँड घेऊन उतरत, रांगेनं चालत त्यांच्या घरापुढे येत. त्यांचा म्होरक्या ओसरीखाली उभा राहून भाषण करी आणि गव्हर्नर ओसरीवरून उत्तर देत. अंगणातलं गवत लोकांनी आठवण म्हणून उपटून नेलं होतं. कुंपणाच्या फळ्या दोनदा नव्यानं बसवाव्या लागल्या होत्या.

हे सगळं उत्स्फूर्त दिसे. प्रत्यक्षात म्होरक्याला भाषण लिहून आधी गव्हर्नरांचं प्रचाराचं काम बघणाऱ्या कर्नल प्रूइटना दाखवावं लागे. कर्नल त्यातलं नको ते काढत, हवं ते घालत, आणि मग गव्हर्नरांचं उत्तर लिहिलं जाई. दोन्ही मजकूर आदल्या दिवशीच तारेनं मोठ्या वर्तमानपत्रांना जात. गावातल्या आमच्या ‘रेकॉर्ड’मध्ये तर मी ते कार्यक्रमाच्या आधीच छपाईसाठी लावून ठेवी, ‘टाळ्या’ आणि ‘हशा’ यांच्यासकट.

मी पेणचा. एका संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ओळी पाडण्याचं नवं यंत्र शिकायला अमेरिकेत गेलो होतो. आपल्याकडे जुळारी एकेक खिळा हातानं उचलून लावत असत. या यंत्रात कळा दाबल्या की शिशाची अख्खी ओळ गरमागरम बाहेर पडे. शिकागोत सहा महिने काढल्यावर ‘रेकॉर्ड’चे मालक-संपादक ऑर्विल टिन्स्ली यांनी मला नोकरीवर घेतलं. निवडणुकीपर्यंत थांबून मी परत निघणार होतो.

"कर्नलसाहेब," इझिकिएल टॉलिव्हर म्हणाले, "तो परिच्छेद सोडला तर बाकीच्या भाषणासाठी मी एवढ्या लांब आलो नसतो."

"ते मला कळतंय."

"त्यात मी कुणाची निंदा केलेली नाही."

"नाही केलीस. म्हणून तर तो जास्त अवघड आहे." कर्नलनी पेन्सिल ठेवली. "हे बघ. नदीपलीकडचं राज्य या वेळी पहिल्यांदाच आपल्याकडे येईल असं दिसतंय. अगदी थोडक्या मतांनी. तिथले गोरे लोक रोज ही भाषणं वाचतात. निवडणूक होऊ दे. मग गव्हर्नर तुझ्या भावाचं काय ते बघतील."

"निवडणुकीपर्यंत माझा भाऊ राहायला हवा."

कर्नलनी कागद माझ्याकडे दिला. "चौबळ, हे घे. रेघ मारलेलं सोडून सगळं लाव."

बाहेर पडल्यावर टॉलिव्हर माझ्या बरोबरीनं चालू लागले. गावात रंगीत, म्हणजे गोऱ्या नसलेल्या, माणसाला उतरायला एकच जागा होती, मिसेस ओफेलिया ग्रँट यांची खाणावळ, आणि मीही तिथेच राहत होतो. स्टेशनासमोरच्या हॉटेलानं माझं संस्थानचं पत्र वाचून मला अदबीनं तिकडची वाट दाखवली होती.

जेवताना मिसेस ग्रँट यांनी आमची ओळख करून दिली. "हे आमचे प्रिन्स. रोज भात मागतात. भात मिळाला की म्हणतात असा नाही, आमच्याकडे वेगळा असतो. आणि प्रिन्स, हे इझिकिएल टॉलिव्हर. पॉइंट हार्मनच्या रिपब्लिकन क्लबचे, म्हणजे लॅथमसाहेबांच्या पक्षाच्या क्लबचे, अध्यक्ष. आपल्या लोकांचा क्लब. यांचं दुकान नदीवर सगळ्यांत मोठं."

"सगळ्यांत मोठं नाही, ओफेलिया. सगळ्यांत स्वच्छ."

"ऐकलंत? गर्व कसा करावा ते शिका."

टॉलिव्हर हसले, पण जेवण तसंच राहिलं. मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ नेल्सन नदीपलीकडे कॉवर्लीला लाकडाच्या गिरणीत कामाला होता. गिरणीमालकाचा पुतण्या दोघांना घेऊन, दारू पिऊन त्याच्या घरात घुसला. घरात नेल्सनची बायको होती. नेल्सननं बंदूक उचलली. पुतण्याच्या मांडीत गोळी गेली.

"मेला?"

"छे. काठी घेऊन हिंडतोय. खटला पुढच्या महिन्यात आहे. वकील म्हणतो, दोन वर्षांची सजा होईल. दोन वर्षं मला चालतील, मिस्टर चौबळ. पण तुरुंगाला एकच दार आहे आणि शेरीफकडे दोन माणसं."

"आणि तिथला गव्हर्नर?"

"आपल्याच पक्षाचा. शिपाई पाठवणं त्याच्या हातात आहे. मी त्याला भेटलो. म्हणाला, लॅथमसाहेबांची इच्छा आहे असं कळलं तर उद्या पाठवतो. त्यांच्यामुळे मतं गेली तर दोष त्यांचा, माझ्यामुळे गेली तर माझा." त्यांनी रुमालानं ओठ टिपले. "म्हणून लॅथमसाहेबांनी चारचौघांत एक वाक्य बोलायला हवं. खटला नीट होऊ द्या, एवढंच. मी दुसरं काही मागत नाही."

"मग उद्या?"

"उद्या मी भाषण करणार आहे," ते म्हणाले.

मिसेस ग्रँट यांनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं आणि न विचारता आणखी वाढलं.

शनिवारी दुपारी ऊन स्वच्छ होतं. टॉलिव्हर यांचा क्लब खास गाडीनं आला; सगळे काळ्या कोटात, पुढे त्यांचा स्वतःचा बँड. त्यांच्या आधी लोकर व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ होतं, म्हणून त्यांना कोपऱ्यावर थांबवून ठेवलं. मागून काचकामगार येत होते. त्यांनी गव्हर्नरांना भेट म्हणून काचेची काठी आणली होती आणि ती फुटू नये म्हणून दोघांनी तान्ह्या मुलासारखी धरली होती.

मी टिन्स्लींबरोबर कुंपणाशी उभा होतो. त्यांच्या हातात मी आदल्या दिवशी लावलेल्या भाषणाचं प्रूफ होतं. बातमीदारांची हीच पद्धत होती. ऐकायचं थोडं, प्रूफवर नजर ठेवायची जास्त.

गव्हर्नर बाहेर आले. जाडसर, गंभीर, सुंदर चेहऱ्याचे गृहस्थ. दिवसातून दहा वेळा तेच करूनही त्यांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसत नसे. ते एका खुर्चीवर चढून उभे राहिले आणि मान किंचित झुकवून ऐकू लागले.

टॉलिव्हर कागद न बघता बोलले. आवाज खर्जातला, स्वच्छ. जकातीवर बोलले, सोन्याच्या नाण्यावर बोलले, बंद गिरण्यांची धुराडी पुन्हा पेटतील म्हणाले. टिन्स्लींचं बोट प्रूफवरून ओळीओळीनं खाली सरकत होतं. ‘टाळ्या’ लिहिलं होतं तिथे टाळ्या पडल्या. शेवटचं वाक्य आलं. कर्नल प्रूइट ओसरीच्या खांबाशी होते. त्यांनी बँडला खूण करण्यासाठी रुमाल काढला.

टॉलिव्हर थांबले नाहीत.

"गव्हर्नरसाहेब, अजून एक सांगायचं आहे. नदीपलीकडे कॉवर्लीच्या तुरुंगात माझा भाऊ नेल्सन टॉलिव्हर आहे."

टिन्स्लींचं बोट कागदाच्या खालच्या कडेवर थांबलं.

"रात्री घरात घुसलेल्या माणसावर त्यानं गोळी झाडली. तो माणूस जिवंत आहे. माझा भाऊ गुन्हेगार असेल तर न्यायालयानं त्याला शिक्षा द्यावी, ती आम्ही भोगू. पण खटल्याआधी त्याला तुरुंगातून ओढून काढायचं असं त्या गावात उघड बोललं जातंय."

कर्नलनी रुमाल हलवला. क्लबचा बँडमास्तर म्हणजे एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्यानं रुमालाकडे पाहिलं, पितळी कॉर्नेट ओठांजवळून खाली घेतला आणि काखेत धरला. त्याच्या मागच्या सगळ्यांनी तेच केलं.

"त्या राज्याचे गव्हर्नर आपल्या पक्षाचे आहेत. खटला होईपर्यंत त्या तुरुंगाचं रक्षण व्हावं, असं आपल्याला वाटतं, एवढं आपण आज इथे म्हणालात तर ते होईल. आम्ही पंचवीस वर्षं या पक्षाला मतं देत आलो. त्यापोटी हे मागत नाही. आपल्या शब्दाला वजन आहे, म्हणून मागतो."

टाळ्या पडल्या नाहीत. कोपऱ्यावरच्या काचकामगारांचा गलबला तेवढा ऐकू येत होता. आणि मी खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की काम झालं. गव्हर्नरांनी चष्मा काढला होता. ते टॉलिव्हर यांच्याकडे थेट बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता. ओठ उघडले. काही शब्द येऊ घातलेत असं स्पष्ट दिसलं.

मग त्यांनी चष्मा परत लावला आणि हातातला कागद उघडला.

"मिस्टर चेअरमन आणि माझ्या नागरिक बंधूंनो," ते वाचू लागले. "आपण इतक्या लांबून आलात याचा मला अभिमान वाटतो. बंद पडलेल्या गिरण्यांची धुराडी पुन्हा कधी पेटतील, हा आज देशापुढचा प्रश्न आहे."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. नाणं, जकात, धुराडी. आवाज नेहमीसारखाच भरदार होता. वाचून झाल्यावर खाली उतरून त्यांनी टॉलिव्हर यांचा हात हातात घेतला, आणि तो जरा जास्त वेळ धरून ठेवला. मग घरात गेले. काचकामगारांचा बँड वाजायला लागला.

‘रेकॉर्ड’ संध्याकाळी निघत असे. आम्ही छापखान्यात पोचतो न पोचतो तोच कर्नल प्रूइट आले. त्यांच्या मागून टॉलिव्हर. त्यांना टिन्स्लींनीच बोलावलं होतं.

"ऑर्विल," कर्नल म्हणाले, "भाषण लावून तयार आहे ना?"

"कालच."

"मग तेच छाप."

"ते भाषण झालं नाही."

"बहुतेक सगळं झालं."

"राहिलेलं माझ्या बायकोनं ऐकलं. ती कुंपणाशी होती. आणि मला रोज घरीच जेवायला जावं लागतं." टिन्स्लींनी विझलेला चिरूट तोंडाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. "शिकागोवाले काय छापायचं ते छापोत, त्यांचे वाचक तिथे नव्हते. माझे अर्धे वाचक त्या अंगणात उभे होते."

"पक्षाची छपाईची कामं तुझ्याकडे आहेत."

"आहेत. निवडणूक झाली की ती तशीही जाणार."

कर्नल एका बाकावर बसले. आता त्यांचा आवाज बदलला. आम्हाला सोडून ते टॉलिव्हर यांच्याशी बोलू लागले. "इझिकिएल, तू बोललास. मी ते विसरायला तयार आहे. गव्हर्नरांनी ऐकलंय. मी सोमवारी पलीकडच्या गव्हर्नरला खाजगी तार करतो, शिपाई पाठव म्हणून. माझ्या नावानं. पण हे छापून आलं तर मला ते करता येणार नाही. मग ती तार म्हणजे तुमच्या लोकांपुढे नमतं घेतलं असं होईल."

टॉलिव्हर यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. 

"तारघर रस्त्यापलीकडे आहे, कर्नलसाहेब. आत्ता करता?"

"आत्ता नाही. आत्ता गावात देशभरचे बातमीदार आहेत. तार करणारा कारकून त्यांच्याबरोबर पत्ते खेळतो. सोमवारी."

"रविवार मधे आहे."

"मी शब्द देतोय."

"तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे," टॉलिव्हर म्हणाले. "पण तुम्ही सोमवारी दुसऱ्या कामात असाल." मग ते टिन्स्लींकडे वळले. "छापलं तर पलीकडे पोचेल?"

"कॉवर्लीच्या पत्राबरोबर आमची अंकांची अदलाबदल आहे. आम्ही त्यांना पाठवतो, ते आम्हाला. सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर असेल."

"तिथल्या गव्हर्नरपर्यंतही?"

"त्याच्याकडे तर आमचा अंक नेमानं जातो."

"मग छापा. माझ्या भावाचं नाव छापून आलं, ते हजारो लोकांनी वाचलं, की त्याला अंधारात गायब करणं सोपं राहणार नाही."

मला ते पूर्णपणे पटलं. टिन्स्लींनाही. आजही कुणी मला तीच माणसं आणि तीच माहिती देऊन विचारलं, तर मला ते पटेल.

कर्नल उठले. दारात थांबून त्यांनी टॉलिव्हर यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, थकवा होता. "तू शहाणा माणूस आहेस," ते म्हणाले, आणि गेले.

रेघ मारलेला कागद मी कालच कर्नलना परत केला होता आणि टॉलिव्हर यांच्याजवळ त्या परिच्छेदाची दुसरी प्रत नव्हती. ते माझ्या यंत्राशेजारी उभे राहिले आणि ओसरीपुढे बोललेले शब्द पुन्हा बोलले. ते बोलत होते, मी कळा दाबत होतो, ओळी खाली पडत होत्या. भावाचं नाव आलं तेव्हा ते थांबले आणि ओळ पडेपर्यंत वाट पाहिली. मी ती गार झाल्यावर त्यांना दाखवली. अक्षरं उलटी असतात. तरी त्यांनी वाचली.

गव्हर्नरांच्या उत्तरातली एकही ओळ बदलावी लागली नाही. ते शुक्रवारपासून तयार होतं आणि जसं लावलं होतं तसंच वाचलं गेलं होतं. परिच्छेदाखाली मी ते ठेवलं आणि पान बांधलं.

क्लबची गाडी संध्याकाळी परत गेली. टॉलिव्हर थांबले. रविवारी गव्हर्नर कुणाला भेटत नसत, पण सोमवारी कदाचित दोन शब्द बोलतील, निदान आत बोलावून घेतील, अशी त्यांना आशा होती. रविवारी चर्चमध्ये लोकांनी त्यांचे हात हातात घेतले. मिसेस ग्रँट यांनी तो अंक स्वयंपाकघरात लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी वाचून दाखवला.

"उत्तरही वाचा, प्रिन्स," एक म्हातारी म्हणाली.

मी वाचलं.

"हे दुसऱ्याच कुणाचं उत्तर आहे," ती म्हणाली. मिसेस ग्रँट यांनी तिला कॉफी दिली.

सोमवारी टॉलिव्हर सकाळीच गव्हर्नरांच्या घराशी जाऊन उभे राहिले. सायकलस्वारांचं शिष्टमंडळ आलं होतं. कर्नल कामात होते. कारकुनानं त्यांना थांबा म्हटलं, मग पुन्हा थांबा म्हटलं. दुपारी मी मजकूर न्यायला गेलो तेव्हा ते कुंपणाबाहेर हॅट हातात धरून उभेच होते. मी जवळ गेलो.

"तार गेली का, हे तरी विचारलंत?"

"विचारलं. कारकून म्हणाला, त्याला काही माहीत नाही." त्यांनी ओसरीकडे पाहिलं. "पण अंक आज पोचला असेल, मिस्टर चौबळ. आता सगळ्यांना माहीत आहे."

मंगळवारी सकाळच्या न्याहारीला त्यांच्या बायकोची तार आली. त्यांनी ती उभ्यानं वाचली, घडी केली, आणि दक्षिणेकडची पुढची गाडी कधी आहे ते मिसेस ग्रँट यांना विचारलं. आम्हाला कुणालाच तार वाचावी लागली नाही. मी त्यांची बॅग स्टेशनापर्यंत नेली. वाटेत ते एवढंच म्हणाले, की नेल्सनला आणायला गाडी लागेल, आणि पलीकडे काळ्या माणसाला गाडी कोण देईल हे बघावं लागेल.

आमच्या पत्रात ती बातमी तीन ओळींत आली. मीच लावली.

मतदानाच्या दिवशी मी न्यूयॉर्कला जायला निघालो होतो. सरळ जायचं सोडून पॉइंट हार्मनला उतरलो. दुकान नदीवरच्या मुख्य रस्त्यावर होतं; मोठे आरसे, लाल कातडी खुर्च्या, आणि खरोखरच फार स्वच्छ. मला पाहून टॉलिव्हर हातातला वस्तरा ठेवून दाराशी आले.

"इथे मी तुमची दाढी करू शकत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "गोरं गिऱ्हाईक उठून जाईल. मागच्या खोलीत या."

मागच्या खोलीत साधी लाकडी खुर्ची होती. त्यांनी मला बसवलं, गरम टॉवेल दिला, साबण लावला.  तेच बोलू लागले.

"कॉवर्लीचा शेरीफ गेल्या आठवड्यात आला होता."

"इथे? कशाला?"

"दाढीला. महिन्यातून एकदा येतो. त्याला पलीकडचा न्हावी आवडत नाही." वस्तरा चामड्यावर फिरत होता. "स्वतःच बोलायला लागला. मी विचारलं नव्हतं. म्हणाला, टॉलिव्हर, ते लोक तुझ्या भावासाठी आधी तीनदा आले होते."

"आधी?"

"तू भाषण करायच्या आधी, म्हणाला. शेरीफ म्हणाला, मी तिन्ही वेळा त्यांना परत पाठवलं. एकट्यानं. बंदुकीनं नाही. मी त्यांना म्हणायचो, मार्चमध्ये लॅथम वॉशिंग्टनला बसतोय. या असल्या गोष्टींबद्दल त्याच्या मनात काय आहे, तुम्हाला माहीत आहे? मला नाही. उद्या त्यानं चौकशीला माणसं पाठवली, गिरणी जप्त केली, तर? कुणालाच माहीत नव्हतं. शिव्या घालत घरी जायचे." टॉलिव्हर यांनी माझी हनुवटी वर केली. "त्या सोमवारी रात्री आले तेव्हा त्यांच्याकडे पेपर होता. कॉवर्लीच्या पत्रानं तुमच्या अंकातलं सगळं उचललं होतं. वर माझं भाषण, खाली लॅथमसाहेबांचं उत्तर. शेजारी आपलं एक अक्षर घातलं नव्हतं. शेरीफ म्हणाला, त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, वाच. मी वाचला. मग म्हणाले, आता आम्हाला माहीत आहे."

वस्तरा गालावरून खाली आला.

"मग त्यानं काय केलं?"

"किल्ली दिली. म्हणाला, माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं."

"आणि तुम्ही?"

"त्याची एका गालाची दाढी झाली होती," टॉलिव्हर म्हणाले. "दुसऱ्या गालाची केली."

 माझी दाढी पुरी करून त्यांनी माझा चेहरा थंड पाण्यानं पुसला. एवढ्यात बाहेर ढोलाचा ठोका पडला आणि कुणीतरी मागच्या दारावर टकटक केली.

"बंधू टॉलिव्हर, माणसं जमली. तुमच्यासाठी थांबलोय."

"आलो."

त्यांनी अ‍ॅप्रन काढून खुंटीला लावला, कोट चढवला. क्लब रांगेनं मतदानाला जाणार होता, दर वर्षी जायचा तसा.

"कुणाला देणार?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"जमावातली माणसं दुसऱ्या बाजूची होती, मिस्टर चौबळ," ते म्हणाले. "ती आज सकाळीच जाऊन मत देऊन आली असतील."

खिशातून त्यांनी गव्हर्नर लॅथम यांच्या चित्राचा बिल्ला काढला आणि कोटाला लावायचा प्रयत्न केला. टाचणी कापडात शिरेना. दोनदा घसरली. मग त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"तुम्ही लावता? माझा हात आज स्थिर नाही."

त्याच हातानं आत्ता माझ्या गळ्यावरून वस्तरा फिरवला होता, कुठेही ओरखडा न उठवता. मी बिल्ला घेतला आणि त्यांच्या छातीवर सरळ लावून दिला.

त्यांनी हॅट घातली, मान हलवून माझे आभार मानले, आणि बाहेर जाऊन ते रांगेच्या पुढे उभे राहिले.